शकू, मासे उन्हात लाल झाले होते

शकू, मी रडले नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे उगीच आशा नको. पोस्टकार्ड आलं तेव्हा मी चौथीचे पेपर तपासत होते. "शकुंतलाबाई सोमवारी सकाळी डेअरीत दूध मोजून घेताना गेल्या," एवढंच लिहिलं होतं. मी कार्ड उलटंपालटं करून बघितलं. म्हटलं, मागं काही असेल, जाता जाता माझ्यासाठी सोडलेला एखादा निरोप. काही नव्हतं. मग मी राहिलेले पेपर तपासले आणि पोरांचे जरा जास्तच मार्क कापले.

चौदा वर्षं मी तुझ्याकडून एका वाक्याची वाट बघत होते. "माशांची टाकी आम्हा दोघींची होती आणि पाणी विमलच्या हिरीचं होतं." बास. म्हणायला किती वेळ लागतो? सोसायटीच्या मीटिंगमध्ये तू तास-तास बोलायचीस म्हणे. हे एवढं तुला कुणासमोर म्हणता आलं नाही, आणि आता तर तू सुटलीसच. मी कुठं जाऊ भांडायला?

तुझं तुलाच पहिल्यापासून सांगते, कारण तू सगळं विसरल्यासारखी वागलीस.

तू बालवाडीची बाई. येरमाळ्याकडची, नवऱ्यानं टाकलेली, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आमच्या गावात आलेली. भागूकाकूंच्या माळवदाच्या घरात रस्त्याकडची खोली तुला मिळाली. मी त्याच गावची, पण वस्तीतली. आमच्या घरच्यांनी धम्म घेतला तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि गावातल्या शाळेत मास्तरीण होऊन बसणारी आमच्यातली पहिली पोर मीच. तुझी बालवाडी शाळेच्या व्हरांड्यात भरायची. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या डब्यातली लसणाची चटणी न विचारता उचललीस आणि "अगं बाई, जाळ हाय नुसता!" म्हणत पदरानं डोळे पुसत बसलीस. चार लोकांच्या देखत माझ्या डब्यात हात घालणारी तूच पहिली. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुझ्यावर चिडणं किती सोपं झालं असतं.

टाकीची काच तुझी, मासे माझे. हे सुद्धा आता सांगायला लागतंय, कर्म माझं! तुझा भाऊ सोलापूरला काचेच्या दुकानात होता. त्यानं उरलेल्या काचा लोखंडी पट्ट्यांत बसवून, फटीत पुट्टी भरून दोन हात लांबीची पेटी करून दिली आणि एसटीच्या टपावर न चढवता मांडीवर घेऊन आला. मी ट्रेनिंगला सोलापूरला गेले होते तेव्हा पाच मासे आणले. लाल, बोटाएवढे, शेपट्या झिरमिरीत. बरणीचं झाकण अर्धवट उघडं ठेवून येईपर्यंत माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली आणि कंडक्टर मला म्हणाला, "मास्तरीणबाई, ह्यांचं हाफ तिकीट काढावं लागंल." तू हे ऐकून दोन दिवस हसत होतीस.

टाकी तुझ्या खोलीत ठेवायची हे दोघींनी मिळून ठरवलं, कारण तुझ्याकडं लाईट होती. वस्तीत तेव्हा खांबसुद्धा आला नव्हता. तू तुपाच्या डब्याचा पत्रा कापून बल्बला टोपी केलीस आणि टाकीवर टांगलीस. त्या पिवळ्या उजेडात मासे घासलेल्या पितळेसारखे दिसायचे. पुढं तुझ्या भावानं दोन फुटी ट्यूब आणली, तर तिच्याखाली तेच मासे धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे झाले. तू इतकी हिरमुसलीस की ट्यूब त्याच दिवशी काढून कोपऱ्यात उभी केलीस.

आणि मग तो जिलेटीनचा खेळ. गॅदरिंगला स्टेजवर लावायचे रंगीत कागद शाळेत पडून होते, ते मी आणले. बल्बवर निळा कागद धरला की मासे काळपट, मेल्यासारखे. लाल कागद धरला की त्यांचा लाल कुठल्या कुठं, पाण्यात फिकुटलेल्या पानांसारखे पाच तुकडे. तुझी बालवाडीची पोरं जमिनीवर बसून टाळ्या पिटायची आणि तू जादूगारासारखी कागद बदलायचीस.

तिथंच आपलं भांडण लागलं.

"बघ की," तू म्हणलीस, "रंग माशात नसतोच. उजेडात असतो. कागद बदलला की मासा बदलतो."

"दिसतो तो रंग वेगळा आणि अंगात मुरलेला वेगळा," मी म्हणले. "अंगातला रंगसुद्धा उजेडावरच जगतो. अंधारात ठेव ह्यांना चार महिने, आतून पांढरे पडतील. मग कितीबी बल्ब लाव."

"शाळा सुटली आता, मास्तरीण! मला शिकवू नकोस."

"तू शिक म्हणजे मी शिकवणार न्हाय."

मी कुठं वाचलं होतं मला आठवत नव्हतं. ट्रेनिंगच्या एका पुस्तकात दोन ओळी होत्या. तू म्हणायचीस, पुस्तक दाखव. पुस्तक सोलापूरला. असं ते भांडण वर्षभर चाललं, चहासोबत, निवडण्यासोबत, तुझ्या केसांना तेल लावता लावता. तू हरायला लागलीस की म्हणायचीस, "विमल, तुला नवरा मिळायचा न्हाय, लिहून ठेव." तेवढं मात्र तुझं खरं ठरलं.

मग दुष्काळ पडला. त्याआधी दोन वर्षं पाऊस असातसाच होता, त्या वर्षी आलाच नाही. गावातली मोठी हीर दिवाळीला तळाला गेली. माझे वडील खडी फोडायला जायला लागले, तुझ्या बालवाडीत सुकडी शिजायला लागली, लोक रेशनवरची परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, दळून भाकरी थापायला लागले आणि त्या थापताना मोडल्या की बाया रडायच्या. गावात टँकर यायचा तो नेमका तुझ्या खिडकीसमोर, चिंचेखाली उभा राहायचा. घागरींची रांग तुझ्या दारापर्यंत.

मी म्हणले, "शकू, मासे काढून टाकू. आमच्या हिरीत सोडते. अजून झरा हाय तिथं."

हो, आमच्या हिरीला झरा होता. गावाची आटली आणि आमची, ती हातानं खणलेली, कठडा नसलेली, ती टिकली. सकाळी दोन हंडे, संध्याकाळी दोन हंडे निघायचे, बाकीचं वस्तीत येणाऱ्या वेगळ्या टँकरवर भागायचं. गावातलं कुणी तिकडं फिरकत नव्हतं, म्हणून टिकली असंही माझी माय म्हणायची.

तू काचेला हात लावून बसलीस. "नको गं," म्हणलीस. "माझं म्हणून ह्या जगात एवढंच हाय."

मग तूच तोड काढलीस. टाकी खिडकीपासून उचलून आतल्या कोपऱ्यात, ट्रंकेमागं. वरून जुनं लुगडं. बल्ब बंद. "लोक पाण्याला महाग झालेत. कुणाला कळलं तर तोंडात शेण घालतील," म्हणलीस. आणि पाणी? गावातलं एक थेंब घ्यायचं नाही हे आपलं ठरलं. पाणी मी आणणार, आमच्या हिरीचं. तू म्हणलीस, कोंडून ठेवलं की पाणी लवकर नासतं, रोज कळशीभर बदलायला लागतंय. मी विज्ञान शिकवणारी बाई, मला कळायला नको? पण मी मानलं. तू म्हणलीस म्हणून मानलं. रोज शाळेला येताना कळशी कमरेवर, वर फडकं, आणि तुझ्या खोलीच्या दारातून आत. माझी माय म्हणायची, "पोरी, एक कळशी म्हंजी आपल्या घरची निम्मी तहान हाय." मी म्हणायची, "तिला कुणी न्हाय माय." आणि माय कळशीवर फडकं बांधून द्यायची.

पाणी आमच्या हिरीचं आहे हे काकूंना कळू द्यायचं नाही, हेही ठरलं होतं. कळलं तर खोली जाईल. त्या घरात मी यायची ती तुझ्या दारातून. माजघराचा उंबरा मी कधी ओलांडला नाही, आणि ओलांड असं कुणी म्हणलं नाही.

संक्रांत गेली आणि मासे फिकट पडायला लागले. आधी पोटाकडून, मग कल्ले, मग पाठ. लुगडं बाजूला करून मी बघायची तर दर वेळी थोडं अजून पांढरं. होळीपर्यंत पाचातले चार अगदी भाताच्या पेजेसारखे झाले, एकाच्या पाठीवर नखाएवढा लाल उरला. तू बल्ब लावून बघितलास. पिवळा उजेड पडला, पण पितळ काही दिसलं नाही.

"बघ," मी म्हणले. मला जिंकल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता, झाला नाही.

"आजारी पडलेत ते," तू म्हणलीस. "तुझ्या हिरीचं पाणी जड हाय."

"पाणी नव्हं गं बाई, उजेड! दोन तास सकाळचं ऊन दे त्यांना. बघ महिन्यात."

तू नाही म्हणलीस. मी हट्ट धरला. हे मी कबूल करते, चौदा वर्षांत कधी केलं नाही ते आज करते, हट्ट माझाच होता. ठरलं असं की टँकर यायचा अकराला, तर साडेसात ते साडेनऊ खिडकीचं एक दार उघडं ठेवायचं आणि टाकी तिथं सरकवायची. आठ दिवस सुरळीत गेले. त्या नखाएवढ्या लालाच्या कडेला थोडा पिवळसरपणा आला, तू पण बघितलास आणि म्हणलीस, "असंल, मला तर तसंच दिसतंय." पण हसलीस.

नवव्या दिवशी टँकर आठला आला.

मी तुझ्या खोलीतून शाळेत निघाले होते, कळशी अजून तुझ्या दारात होती. बाहेर एक बाई ओरडली, "अगं, मासं! खिडकीत मासं पवायलेत!" आधी सगळ्या हसल्या. खरंच हसल्या, आठवतं का? मग एकजण म्हणाली, "आमची लेकरं वाटीवाटीनं पाणी प्यायलेत आन् हितं मासं पाळायलेत व्हय?" आणि हसणं गेलं. घागरी खाली ठेवल्याचा आवाज आला. दारात माणसं आली. आबा पुढं. टँकर कुठं थांबायचा, कुणाला किती घागरी, आणि पुढं येणाऱ्या दूध सोसायटीत कुणाचं नाव घालायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. बायांतून पहिलं नाव तुझं घालायचं त्यांनी कबूल केलं होतं.

आबांनी शांतपणे विचारलं, "टाकी कुणाची?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तू म्हणशील, आमची.

"विमलबाईंची," तू म्हणलीस. "त्यांच्याकडं लाईट न्हाय, म्हणून माझ्या खोलीत ठेवून घेतली."

विमलबाई! चार वर्षांत तू मला कधी बाई म्हणली नव्हतीस. मेले, सटवे, मास्तरीण, काय वाटेल ते म्हणायचीस, पण बाई नाही.

"आन् पाणी?"

"ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मी कशाला बघू?"

शकू, ती कळशी तुझ्या पायाशी होती. फडकं ओलं होतं. आमच्या हिरीचं पाणी तुझ्या पायाशी ठेवून तू म्हणलीस, मी कशाला बघू.

मी तेव्हाच का बोलले नाही, असं मला सगळ्यांनी विचारलं. मायनं विचारलं, वडिलांनी विचारलं, नंतर शिक्षण खात्याच्या साहेबांनी चौकशीत विचारलं. काय बोलणार? पाणी वस्तीतलं आहे म्हणले असते, तर काकूंच्या घरात ते रोज जातंय हे उघडं पडलं असतं. तुझी खोली गेली असती, बालवाडी गेली असती, सोसायटीतलं नाव गेलं असतं. तुला माहेर नव्हतं, सासर नव्हतं. मला निदान माय होती. मी एवढा हिशेब त्या दारात उभ्या उभ्या केला आणि गप बसले. मनात म्हणलं, आत्ता घाबरलीय, संध्याकाळी जाऊन सांगेल. संध्याकाळ झाली. मग म्हणलं, आठवड्यात सांगेल.

त्या आठवड्यात वस्तीतला टँकर बंद झाला. "तुमच्याकडं मासं पाळायला पाणी हाय, तुमाला टँकर कशाला?" असं म्हणले. पंधरा दिवस. त्या झऱ्यावर पस्तीस घरं. हिरीत उतरून बाया वाटीनं हंडा भरायच्या, एकीची पाळी दुपारी तर दुसरीची तिसऱ्या दिवशी. माझी माय घसरून पडली आणि तिचा उजवा हात पुन्हा नीट वर गेला नाही. अजून जात नाही. वस्तीतल्या बाया माझ्याशी बोलेनात. त्यांना वाटलं, शिकलेली पोर गावात जाऊन टँकरचं पाणी चोरते आणि भोगायचं आम्ही. मायला खरं ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "तुज्या मैतरणीला सांग की, एक डाव तोंड उघड म्हणावं."

मी सांगायला आले होते. तू दार उघडलंस, मला आत घेतलंस, दार लावलंस आणि रडलीस. माझे हात धरून इतकी रडलीस की मला तुलाच पाणी द्यावं लागलं. त्या रडण्यात माझं सांगायचं राहून गेलं. आज वाटतं, तुला ते बरोबर जमायचं.

टाकी आबांनी माझ्या घरी पोचवली. दोन गडी आले आणि अंगणात ठेवून गेले, पाणी सांडत. पाचही मासे जिवंत होते. मी त्यांना कडुनिंबाखाली ठेवलं. सकाळी दोन तास ऊन, मग वरून ओलं पोतं, नाहीतर आमच्याकडच्या उन्हात कालवणच झालं असतं त्यांचं. पाणी आता बदलायचंच नाही असं मी ठरवलं होतं, बदलायला होतं कुठं? पाणी हिरवं झालं. काचेला शेवाळ धरलं, ते मी एका बाजूनं बोटानं पुसायची, बघण्यापुरतं. पाणी रोज बदललं नाही म्हणून एकही मासा मेला नाही. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मी मूर्ख, माझं लक्ष रंगाकडं.

आणि शकू, रंग आला. महिना लागला, सव्वा महिना. त्या नखाएवढ्या डागापासून सुरुवात झाली, मग बाकीच्यांच्या पाठीवर केशरी धुरकट आलं, मग लाल. बल्ब नाही, कागद नाही, उघड्या उजेडात लाल. चारातला एक पांढराच राहिला, त्याचं काय झालं मला कधी कळलं नाही. पण बाकीचे सोलापूरच्या बरणीत होते त्याहून लाल झाले. वस्तीतली लेकरं येऊन बघायला लागली, मग त्यांच्या आया, आणि त्या निमित्तानं त्या माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या. मी तुला चिठ्ठी पाठवली. "मी जिंकले. येऊन बघ." आपल्या भांडणाचा निकाल लागला होता गं! तू यायला पाहिजे होतं. वस्ती तुझ्या घरापासून पाच मिनिटांवर. तू आली नाहीस.

आधी यायचीस. मला विषमज्वर झाला तेव्हा चार दिवस माझ्या उशाशी बसली होतीस. माझ्या मायच्या हातची भाकरी खाल्लीस, तिला म्हणलीस, "माय, असलं पिठलं माझ्या आयेलाबी जमलं न्हाय." माय आजसुद्धा ते सांगते. पण प्रत्येक वेळी जेवायच्या आधी तू उठून दार लोटून घ्यायचीस. मला तेव्हा वाटायचं, वारा येतोय म्हणून.

जूनमध्ये माझी बदली झाली, अणदूरकडं. तक्रार गेली होती. एसटीपाशी तू आलीस, पदराखाली शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. "पत्र लिही," म्हणलीस. गाडी सुटेपर्यंत मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. तू कंडक्टरला म्हणलीस, "बाईंना खिडकीपाशी जागा द्या." त्याच्यापलीकडं काही नाही.

पत्रं मात्र लिहिलीस. चौदा वर्षं, दिवाळीला आणि उन्हाळ्यात. सोसायटी झाली, तू त्यात गेलीस, मग चेअरमन झालीस, बायांच्या नावावर म्हशी लावून घेतल्यास, त्यात वस्तीतल्या सात बाया होत्या. ते वाचून मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. त्या सात जणींच्या घरात आज दोन वेळचं शिजतं ते तुझ्यामुळं. एकदा मी सरळ विचारलं, शाईनं, मोठ्या अक्षरात: "त्या दिवशीचं तू गावाला कधी सांगणार?" तुझं उत्तर आलं, "यंदा पाऊस बरा आहे. तुझ्या आईचा हात कसा आहे?" मायच्या हाताचं विचारायची हिंमत तुला कुठून व्हायची, हे मला कधी कळलं नाही.

परवा शोकसभेला माझी खुर्ची पहिल्या रांगेत होती. "मॅडमच्या जुन्या मैत्रीण" म्हणून. आबा आता थकलेत, काठी घेऊन उभे राहिले आणि तुझं मन किती मोठं होतं ते सांगायला लागले. म्हणाले, त्या दुष्काळात विमलबाईंना मासे पाळायचा नाद होता, त्यांच्याकडं लाईट नव्हती, तर शकुंतलाबाईंनी टाकी आपल्या खोलीत ठेवून घेतली. लोकांचे बोल खाल्ले, पण मैत्रीण सोडली नाही. लोक हळूच हसले. एकानं माझ्याकडं वळून मायेनं मान हलवली.

ऐकलंस? तू घाबरून बोललेली थाप, तिचा आता तुझा मोठेपणा झालाय. तुझ्या फोटोला हार आणि त्यात हेही एक फूल.

शेजारी भागूकाकू होत्या. त्यांना आता दिसत नाही. त्यांनी चाचपून माझा हात धरला आणि कानाशी आल्या.

"विमल हायस न्हवं? लई दिस सांगीन म्हणत होते. तू आणायचीस ती कळशी," काकू म्हणाल्या, "ती मासळीला कुठली गं. तांब्याभर तिकडं वतायची. बाकीची आमच्या रांजणात. टँकरचं पुरायचं न्हाय. त्या वर्साला आमी सगळी त्याच्यावर निघालो. माजी दोन नातवंडं जगली. शकू म्हणायची, विमलला कळू द्यायचं न्हाय, तुमाला पाजलं म्हणून ती माफ करायची न्हाय. आन् आमी म्हणायचो, गावाला कळू द्यायचं न्हाय." मग म्हणाल्या, "पाणी गोड होतं बाई तुमचं."

शकू, मी माफ केलं नसतं? तू मला इतकंच ओळखलंस? मला सांगितलं असतंस, काकूंच्या घरी लेकरं तहानलीत, तर मी दोन कळशा आणल्या असत्या गं! मायशी भांडून आणल्या असत्या. तुला उजेडाचं मी सांगितलेलं पटायचं नाही, ते एक वेळ असू दे. पण माझ्याबद्दल तुला एवढंही ठाऊक नव्हतं? टाकी कुणाची म्हणून आबांनी विचारलं तेव्हा काकू माजघराच्या दारात उभ्या होत्या. मला त्या दिसत होत्या. त्या माझं पाणी पिऊन उभ्या होत्या, तू पण. आणि मी तुम्हा दोघींना वाचवायला गप बसले होते. पंधरा दिवस आमच्या बाया हिरीत उतरत होत्या. माझी माय पडली.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी बोलायचं ठरवून आले होते ते कागदावर होतं, बालवाडी, म्हशी, तुझा स्वभाव. कागद पर्समध्येच राहिला. माइकसमोर उभी राहिले. समोर दीड-दोनशे माणसं, निम्म्याहून जास्त चिंचेखालच्या त्या रांगेतली. तुझ्या फोटोकडं मी मुद्दाम बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तुला वाचवायला पुन्हा गप बसले असते.

मी म्हणले, "टाकी आमच्या दोघींची होती. आणि काकूंच्या रांजणात त्या साली जे पाणी होतं, ते आमच्या हिरीचं होतं."

मला वाटलं होतं, कुणीतरी ओरडेल. कुणी उठून जाईल, आबा माइक ओढून घेतील, बाया तोंडाला पदर लावतील. चौदा वर्षं मी ह्याच क्षणाला भ्यायले होते, आणि तू पण.

शकू, कुणी काही केलं नाही. आबांनी काठीकडं बघितलं. मागच्या बायांनी मान खाली घातली, त्यात त्या दिवशी खिडकीपाशी ओरडलेली सुद्धा होती. पंखा फिरत होता. मी वाट बघत उभी होते की कुणीतरी निदान विचारेल, कुठलं पाणी, कधी, काय बोलायलाव बाई. एकानंही विचारलं नाही.